दह्याचे डबे समुद्रात गेले नाहीत

टेक्सासमधल्या अर्विंगच्या मराठी लोकांनी मला फसवलं. सगळ्यांनी मिळून, हसत हसत, चहा पाजून फसवलं. त्यात साठे काकू सगळ्यांत पुढे होत्या आणि त्यांना त्याबद्दल बक्षीस मिळालं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी मला "तुमच्या व्यवसायातले हलकेफुलके अनुभव" लिहायला सांगितलं आहे. संपादकबाईंच्या पँट्रीत दह्याचे किती डबे आहेत ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यांनी हा लेख कापला, तर तो का कापला हे वाचकांनी समजून घ्यावं.

मी भंगारवाला. इथे त्याला प्लास्टिक ब्रोकर म्हणतात, आणि आमची तन्वी मैत्रिणींना सांगते की बाबा सस्टेनेबिलिटीमध्ये आहेत. तरुणपणी जळगावला प्लास्टिकच्या चटया विणणाऱ्या कारखान्यात होतो. चटईला लागणारं जुनं प्लास्टिक कुठून, कसं आणि किती घासाघीस करून आणायचं, ते तिथे शिकलो. मग सुनंदाला टेक्सासमध्ये प्रोग्रॅमरची नोकरी लागली आणि मी तिच्या व्हिसाचं शेपूट धरून आलो. त्या व्हिसावर नवऱ्याला काम करायची परवानगी नव्हती. घरात बसून भाजीवाल्याशी भांडावं म्हटलं, तर इथे भाजीवर भावाची पाटी असते आणि पाटीशी भांडता येत नाही. ग्रीन कार्ड हातात पडलं त्या आठवड्यात मी एका भंगाराच्या यार्डात पट्ट्यावर उभा राहिलो. काही वर्षांनी माझं स्वतःचं यार्ड झालं. कोणाच्या शिफारशीने नाही. ओरडून झालं.

ज्यांना धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुम्ही रिसायकलिंगच्या बिनमध्ये जे टाकता ते एका पट्ट्यावरून धावतं. माणसं आणि यंत्रं ते निवडतात, एकसारखा माल दाबून त्याचा गठ्ठा बांधतात. कापसाची गाठ असते तसाच, फक्त वास वेगळा. प्रत्येक डब्याच्या बुडाशी त्रिकोणात एक आकडा असतो. एक म्हणजे पाण्याची बाटली, दोन म्हणजे दुधाचा कॅन, पाच म्हणजे दह्याचा डबा. एक आणि दोनला गिऱ्हाईक मिळतं. पाचला बोलवून बोलवून आणावं लागतं. बाकीचं लोक आशेने टाकतात. यातलं काहीतरी होईल, अशी त्यांची श्रद्धा असते. बागेची नळी, बोलिंगचा गोळा, आणि एकदा दिव्यांसकट ख्रिसमसचं हरीण. ते पट्ट्यावरून आलं तेव्हा अजून लुकलुकत होतं. आमचा फोरमन लुईस याने छातीवर क्रॉस केला आणि पट्टा बंद केला.

विकण्याची गंमत वेगळी. लुइझियानाचा बिली हे माझं जुनं गिऱ्हाईक. तो गठ्ठ्यात चाकू खुपसायचा, बाहेर काढून हुंगायचा आणि घरात कोणी गेल्यासारखा चेहरा करायचा.

"ओला आहे."

"ऑगस्ट आहे, बिली. टेक्सासमध्ये ऑगस्टात तुझ्या शर्टाशिवाय काही ओलं नसतं."

"वास येतोय."

"दुधाचे कॅन आहेत. अत्तर हवं असेल तर पुढच्या सिग्नलला मॉल आहे."

"मी निघालो."

"निघ. टोपी राहिली आहे गठ्ठ्यावर, ती घेऊन जा."

तो टोपी घ्यायला परत यायचा आणि सौदा व्हायचा. टोपी तो मुद्दाम विसरायचा हे मला माहीत होतं. मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. यालाच मी संस्कृती म्हणतो.

हे सगळं छान चाललं होतं. मग चीनने बाहेरच्या देशांचं मिसळलेलं भंगार घेणं बंद केलं. तोवर अमेरिका आपला कचरा बोटीत भरून पाठवायची आणि हात झटकून "रिसायकल केलं" म्हणायची. त्यातला किती समुद्रात गेला ते समुद्रालाच माहीत. दारं बंद झाली आणि पाच नंबरचे डबे माझ्या यार्डात डोंगरासारखे साठले. शेवटी मी पदरचं भाडं देऊन ते जमिनीत पुरायला पाठवले. आयुष्यभर माल विकला आणि म्हातारपणी मालाची अंत्ययात्रा काढली. त्या दिवशी मी ठरवलं की हे डबे इथेच धुवायचे, इथेच दळायचे. त्यासाठी यंत्र लागतं, आणि ते माझ्या ऐपतीबाहेरचं होतं. यंत्र नाही आलं तर यार्ड विकून घरी बसायचं, हे मी सुनंदाला सांगून टाकलं. मी घरी बसणार हे ऐकून ती यंत्रासाठी उपास करायला लागली.

अशात वॉशिंग्टनहून राष्ट्रीय धोरण आलं. प्लास्टिक कमी बनवा, पुन्हा वापरा, रिसायकल करा, नदीत आणि समुद्रात जाऊ देऊ नका. धंद्यातल्या बऱ्याच लोकांनी ते वाचलं नाही. मी वाचलं. सुरुवातीची पानं भरभर उलटली, कारण त्यांत यंत्राबद्दल काही नव्हतं. पुढे मात्र होतं. धोरणाखाली एक योजना होती, आणि तिच्यात काही गावांना पाच नंबरचे डबे निवडून धुणारं यंत्र मिळणार होतं. अट एकच. गावातून डबे नियमित यायला हवेत.

मी अर्ज ठोकला. सरकारकडून चौकशीला मेगन आली. पस्तिशीची, नम्र, खांद्याला बादलीएवढी पाण्याची बाटली. सरकारी नियमाला इतकी पक्की की यार्डातला कोकसुद्धा घेतला नाही.

"मिस्टर चौधरी, डब्यांचा पुरवठा कुठून होईल?"

"माझ्या लोकांकडून," मी म्हणालो. "मेगन, माझे लोक दही कसं खातात ते तू पाहिलेलं नाहीस."

शनिवारी मी तिला इंडियन ग्रोसरीत नेलं. प्रत्येकाच्या कार्टमध्ये दह्याचा तो मोठा डबा. काहींच्या कार्टमध्ये दोन.

"इतकं दही कशाबरोबर खातात?"

"भाताबरोबर."

"आणि तो दुसरा डबा?"

"तो उद्याच्या भाताबरोबर."

मेगन भारावली. मी तिथल्या तिथे छातीवर हात ठेवून शब्द दिला की आमच्या वस्तीतून डब्यांचा पूर येईल. ती म्हणाली, आपण मोजून पाहू. दुकानातून किती डबे जातात आणि बिनमधून किती परत येतात, एवढंच मोजायचं. आमच्या गल्ल्यांचा माल काही आठवडे वेगळा उचलायचा ठरला. मी यार्डात यंत्रासाठी जागा आखून घेतली. लुईसने तिथे उभं राहून फोटोही काढला.

पहिला ट्रक आला आणि त्यातून झाकणं निघाली.

फक्त झाकणं. दुसऱ्या ट्रकमधूनही झाकणं. वाकडी झालेली, मायक्रोवेव्हमध्ये वितळलेली, न बसणारी. डबा एकही नाही. मी ट्रकमध्ये चढून स्वतः उपसलं. लुईस खालून म्हणाला, "बॉस, तुमचे लोक डबासुद्धा खातात का?"

मेगन गंभीर चेहऱ्याने आली. आता तिचं गणित ऐका. अशा अभ्यासात दुकानातून गेलेल्या मालातून परत आलेला माल वजा करतात. पुरलेलाही सापडला नाही, तर उरलेला माल पर्यावरणात गळाला असं धरतात. आमच्याकडे सगळाच माल उरला होता. तिने एक नकाशा उघडला. त्यावर आमच्या वस्तीतून एक लाल बाण निघाला होता. तो मागच्या ओढ्यात शिरून ट्रिनिटी नदीला मिळत होता आणि थेट समुद्रात, मेक्सिकोच्या आखातात, पडत होता. बाणाचं बूड बरोबर साठे काकूंच्या परसात होतं.

"मिस्टर चौधरी," ती हळू आवाजात म्हणाली, "इथले लोक डबे नदीत सोडतात का? काही धार्मिक कारण असेल तर मी समजू शकते."

माझं डोकं फिरलं. मी जे बोललो त्याचा अर्धा भाग मराठीत होता, हे तिचं नशीब. शेवटी तिने थोडी मुदत दिली. डबे दाखवा, बाण पुसते, यंत्र तुमचं.

मी तसाच साठे काकूंकडे गेलो. काकू म्हणजे पंचाहत्तरीच्या, मूळच्या ठाण्याच्या, मुलगा आणि सून दोघं आयटीत, घराचा कारभार काकूंकडे. आमच्या वस्तीत काकू जे करतात ते सगळे करतात.

"काकू, दह्याचे डबे हवे होते."

"विरजण देऊ का सोबत?"

"दही लावायला नाही. रिसायकलिंगला."

"म्हणजे टाकायला."

"टाकायला नाही हो. दळायचा, वितळवायचा आणि त्याचा नवा डबा करायचा."

काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अहो चौधरी, हा डबाच आहे ना? मग डब्याचा डबा करायला तो मोडायचा कशाला?"

या प्रश्नाला उत्तर आहे. मोठं आहे, त्यात बाजारभाव आहेत. पण काकूंनी तोवर पँट्रीचं दार उघडलं होतं. छतापर्यंत डबे. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि पट्टीवर नाव. भगर, मेतकूट, सुकं खोबरं, दोऱ्याची रिळं, भारतातली नाणी. खाली खिडकीत डब्यांतून कढीपत्त्याची रोपं. फ्रीजरमध्ये वाटणं. एका डब्यात काकूंचा पासपोर्ट होता.

"दह्याच्या डब्यात पासपोर्ट?"

"चोर दह्यात हात घालत नाही," काकू म्हणाल्या.

मी नकाशा दाखवला. बाण पाहून त्यांचा चेहरा लाल झाला. "माझ्या घरातून समुद्रात? गॅल्व्हेस्टनला गेले होते तेव्हा मी समुद्रात पाऊलसुद्धा घातलं नाही! कोण आहे ती बाई? तिला आणा माझ्याकडे."

मला वाटलं, काम झालं. काकूंनी लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर फर्मान काढलं. 'आपल्या वस्तीची बदनामी होते आहे. शनिवारी चौधरी येतील, प्रत्येकाने त्यांना डबे द्यावेत.' खाली अंगठ्यांची रांग लागली.

शनिवारी पिकअप घेऊन निघालो. पहिलं घर कुलकर्ण्यांचं. वहिनींनी हसत डबा दिला. जड लागला. आत चिवडा.

"वहिनी, मला रिकामा हवा होता."

"इश्श, रिकामा डबा कसा देणार? बरं दिसतं का ते?"

दुसऱ्या घरी शंकरपाळे. तिसऱ्या घरी लिंबाचं लोणचं. एका घरातल्या मुलीने इंग्लिशमधून विचारलं, "काका, डू यू वाँट मोअर?" आणि आतून तिच्या आईने ओरडून सांगितलं, "मोअर नको विचारू, देऊन टाक!" शेजारच्या रेड्डी बाईंना कोणीतरी कळवलं होतं. त्यांनी सांबार दिलं. मी हात जोडले, रागावलो, एका दारात तर ओरडलो, "बाई, मी कचरा मागतोय, कचरा!" त्या बाईंना वाटलं मी पथ्यावर आहे. त्यांनी शिरा काढून उकडलेले मूग भरून दिले.

पिकअप यार्डात शिरली तेव्हा मागून सांबार गळत होतं. मेगनच्या भाषेत सांगायचं तर अर्विंगमध्ये नोंदवलेली ही पहिली खरी गळती.

पण मी हार मानणारा नव्हे. लुईसला आणि सगळ्या माणसांना हाक मारली. "खा!" सगळे बसले. चिवड्यावर सांबार ओतून खाल्लं, लोणच्याला टॉर्टिया लावून खाल्लं. दुपारपर्यंत डबे रिकामे, धुतलेले, पट्ट्याजवळ रचलेले. किती सुंदर दिसत होते! पाच नंबर, पांढरेशुभ्र, कसलीही भेसळ नाही. बिलीला वास घ्यायलासुद्धा काही उरलं नव्हतं. मी मेगनला फोन केला. ये आणि बघ.

मेगनच्या आधी सुनंदा आली.

"अहो, हे काय करताय? ते परत द्यायचे आहेत."

"परत? रिसायकलिंगसाठी दिलेत ते."

"भरून दिलेत ना? मग परत द्यायचे. रिकामे दिले असते तर गोष्ट वेगळी."

"रिकामे कोणी देतच नाही!"

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि डबे गाडीत भरायला लागली. वाचकहो, जिने यंत्रासाठी उपास केले तीच ही बाई. मी एका बाजूने डबा ओढत होतो, ती दुसऱ्या बाजूने. "आणि रिकामेही नेता येणार नाहीत. पोह्याचे लाडू करावे लागतील एवढ्या घरांना. तुम्ही मला आधी विचारायचं तरी!"

हे चालू असताना मेगन आली. तिने एवढ्या वर्षांत यार्डांत माल आत येताना पाहिला होता. यार्डातून माल घरी परत जाताना तिने पहिल्यांदा पाहिला. तिने सुनंदाला विचारलं, हे कुठे चाललं आहे? सुनंदा म्हणाली, "गाडीत बस, दाखवते." मी म्हणालो, बसू नको. ती बसली.

पुढचं मला मेगननेच सांगितलं. साठे काकूंनी तिला पँट्री दाखवली, पासपोर्टही दाखवला, आणि निघताना नारळाच्या वड्या भरून एक डबा हातात दिला. नियमाप्रमाणे तिला भेट घेता येत नव्हती. तिने काकूंच्या अंगणात उभं राहून ऑफिसला फोन लावला. तिकडून विचारणा झाली, डबा परत करायचा आहे का? काकू म्हणाल्या, "म्हणजे काय! माझा डबा आहे तो." मग ऑफिसने सांगितलं की परत करायचा असेल तर ती भेट नाही. वड्यांविषयी कोणी विचारलं नाही. मेगनने डबा परत केला तेव्हा त्यात तिने भाजलेल्या ब्राउनीज होत्या. तो रिकामा नेऊ नये हे सुनंदाने तिला शिकवलं. ब्राउनीजच्या बदल्यात थालीपिठाची भाजणी गेली. अशा रीतीने सरकारही त्यांना जाऊन मिळालं.

निकाल सांगायला मेगन यार्डात आली. बाण पुसला होता. डबे समुद्रात गेलेले नाहीत, ते स्वयंपाकघरात आहेत, हे तिने वर कळवलं होतं. यंत्र मात्र दुसऱ्या गावाला गेलं. तिथले लोक डबे वेळेवर टाकतात.

"आणि मिस्टर चौधरी, एक आनंदाची बातमी! मिसेस साठेंना आम्ही पुनर्वापराचा आदर्श म्हणून गौरवतो आहोत. त्या परिषदेत बोलणार आहेत."

"काकू? प्लास्टिकवर?"

"धोरणात पुनर्वापर रिसायकलिंगच्या वर आहे. सुरुवातीच्या पानांवरच आहे ते."

मी अर्धं यंत्र मागितलं. ती म्हणाली, यंत्र अर्धं होत नाही. मी जुनं यंत्र मागितलं, उधार मागितलं, सहा महिन्यांसाठी मागितलं. शेवटी मी रागाने तिच्या गाडीपर्यंत गेलो, टोपी गाडीच्या टपावर ठेवली आणि पाठ फिरवली. दोन दिवसांनी टोपी कुरियरने घरी आली, सोबत आभाराचं कार्ड. त्या दिवशी मला कळलं की माझा जमाना संपला.

तन्वी मॅसॅच्युसेट्सला श्रूजबरीत असते. मी तिला फोन करून सगळं सांगितलं, ती तरी माझ्या बाजूने बोलेल म्हणून. "बाबा, टेक्निकली काकू आर राइट," ती म्हणाली. मी चिडून थँक्सगिव्हिंगला तिच्याकडे गेलो आणि चहाची पावडर शोधायला कपाट उघडलं, तर डोक्यावर दह्याचे डबे कोसळले. अमेरिकेत जन्मलेली पोर! मराठी नीट वाचता येत नाही, पण डबा टाकवत नाही. "डोंट थ्रो देम, बाबा," ती जमिनीवरून डबे गोळा करत म्हणाली, "चांगले आहेत."

यार्ड मी विकलं. घेणाऱ्याने तिथे भाड्याच्या खोल्या बांधल्या आहेत. घरात न मावणारं आणि टाकवत नाही असं सामान लोक तिथे ठेवतात. लुईसला मी बिलीकडे लावून दिला. जाताना तो रडला. मी रडलो नाही, त्याच्या पगारावरून बिलीशी भांडत होतो. सुनंदाचा नोकरीवर जाण्याचा उत्साह हल्ली फार वाढला आहे.

साठे काकू परिषदेत बोलून आल्या. सूनबाईंनी भाषांतर केलं म्हणे आणि सभागृह उभं राहिलं. मी त्यांचं अभिनंदन केलेलं नाही, आणि करणारही नाही. पण गेल्या महिन्यात त्यांनीच मला बोलावलं. दारात दोन भल्या मोठ्या पिशव्या ठेवल्या होत्या. आत डबे. काहींचे काठ उडालेले, काही बुडाला तडकलेले, काही डिशवॉशरमध्ये मऊ पडून वाकलेले. यावेळी मात्र सगळे रिकामे.

"चौधरी, हे आता काही कामाचे नाहीत. तुमच्या त्या यंत्रात घाला."

"काकू, यंत्र आलं नाही."

"अगोबाई," काकू म्हणाल्या, "का बरं?"

मी पिशव्या उचलून घरी आणल्या. मग कुलकर्णी वहिनींचा फोन आला, मग रेड्डी बाईंचा, मग स्वतः संपादकबाईंचा. आता माझ्या गॅरेजमध्ये गाडी मावत नाही. प्लास्टिक कितीही वेळा धुवा, एक दिवस ते तडकतंच. आणि तडकलेला डबा पुन्हा वापरता येत नाही, हे त्या धोरणाच्या पहिल्या पानावरही नाही आणि शेवटच्याही नाही. हे मी बिनमध्ये टाकले तर जमिनीत जातील, कारण इथे पाच नंबर घेणारं कोणी उरलेलं नाही. आणि वादळात वाहून गेले तर ट्रिनिटी नदीत जातील. मग तो लाल बाण खरा होईल, आणि यावेळी त्याचं बूड माझ्या गॅरेजमध्ये असेल.

म्हणून मी जाहीरपणे विचारतो. ज्यांनी डबे दिले नाहीत म्हणून यंत्र गेलं, त्यांचेच डबे आज माझ्या दारात आहेत. आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला साठे काकू प्रमुख पाहुण्या आहेत, मेगनलाही बोलावलं आहे, आणि तुम्ही सगळे असणार आहात. फराळाला हात लावण्याआधी कोणीतरी उभं राहून मला सांगा: हे डबे आता कोण घेणार? नाव सांगा. मी गॅरेज उघडं ठेवून वाट बघतो आहे.